जीपचे नाक किती वर असावे?

खानदेशात रस्ता संपला म्हणून जाणे संपत नाही. जळगावाहून यावल-चोपड्याच्या बाजूला निघावे, तापी ओलांडावी, केळीच्या बागा मागे टाकाव्यात, की सातपुड्याची निळी रेघ हळूहळू हिरवी दिसू लागते. मग डांबर कुठेतरी निरोप घेते आणि पुढे उरते ती वाट. आधी गोटे, मग नाला, मग पुन्हा गोटे. पावसाळ्यात तर इथली काळी माती चाकाला अशी बिलगते की चाक कोणते आणि चिखल कोणता हे ओळखू येऊ नये! अशा वाटेवर बैलगाडीच्या पाठोपाठ ज्या वाहनाने आपला मान मिळवला, ते वाहन म्हणजे जीप.

ही जीप मुळात लढाईवरची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ती लाखोंनी बनली. १९४५ साली महिंद्र बंधूंनी आपली कंपनी काढली आणि थोड्याच वर्षांत मुंबईत विलीज जीप जुळवून विकायला आरंभ केला. पुढल्या-मागल्या चाकांत ८० इंचांचे अंतर, डाव्या-उजव्या चाकांत सुमारे ४९ इंचांचे आणि पोटाखाली जमिनीपासून पावणेनऊ इंचांच्या आसपास मोकळीक, असा त्या लष्करी जीपचा आटोपशीर बांधा होता. तिच्याच वंशातल्या गाड्यांनी पुढे कितीतरी वर्षे खानदेशातल्या खेड्यांतून माणसे वाहिली, बाजार वाहिला आणि वऱ्हाडेही वाहिली.

गाडी आणि जमीन यांच्यामध्ये जे तडजोड घडवून आणतात, त्यांना आपल्याकडे कमान-पाटे म्हणतात. पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या एकावर एक रचून मध्यभागी एका बोल्टने आवळलेल्या असतात. टांग्याच्या खाली याच कमानी असत. 'कमान' हा शब्द फारसीतून आलेला, त्याचा मूळ अर्थ धनुष्य. कोणा अनामिक कारागिराने तो गाडीला लावला, आणि माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला वाटते, की यापेक्षा नेमका शब्द कोशकारालाही सुचला नसता. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात. जिथे मालमोटारी तिथे मोडलेले पाटे, आणि जिथे मोडलेले पाटे तिथे ते सांधणारे हात! निकामी झालेला पाटाही वाया जात नाही. गावचा लोहार त्याचे विळे-कोयते करतो.

या विद्येशी माझा परिचय झाला तो माझ्या भाच्यामुळे. त्याने चोपड्याकडून एक जुनी, चारही चाकांना जोर देणारी जीप घेतली. बागेत जायला, आणि घरच्या मंडळींना मनुदेवीच्या दर्शनाला न्यायला. गाडी घरी आली त्याच संध्याकाळी त्याने जाहीर केले,

"मामा, हिचं नाक दोन इंच वर उचलायचं. घरच्या घरी होतं. शॅकल लांब केली की झालं."

हल्लीच्या तरुणांत उंच जीपची मोठी हौस आहे आणि तिला मी नावे ठेवणार नाही. नाल्यात उतरताना नाक आपटत असेल, तर ते वर घ्यावेसे वाटणे साहजिकच आहे. पण 'घरच्या घरी' हे शब्द ऐकले, की त्या गाडीत मागच्या बाकावर कोण बसणार आहे तेही आठवते. इथे ती माझी बहीण होती आणि दोन लहान नातवंडे होती.

पाट्यांवरची जीप घरगुती पद्धतीने उंच करण्याचे मार्ग साधारण तीन. एक, शॅकल लांब करणे. शॅकल म्हणजे पाट्याचे टोक सांगाड्याला ज्या झुलत्या दुव्याने टांगलेले असते तो दुवा. दुसरा, पाट्यांच्या जुडीत एक जादा पाटा घालणे. तिसरा मार्ग धाडसाचा: ज्या गाडीत पाटे आसाच्या खालून गेलेले असतात, तिथे ते आसाच्या वर आणून बसवणे. पहिला सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत लोकप्रिय.

आता यातली मौज पाहा. गाडी कितीही वर टांगली तरी पोटाखालची खरी मोकळीक वाढत नाही. जीपचा सर्वांत खालचा भाग म्हणजे आसाच्या मध्यातला तो दातेरी चक्रांचा लोखंडी गोळा. तो चाकांबरोबर असतो, पाट्यांच्या खालच्या अंगाला. पाट्यांनी वर जातो तो सांगाडा, पुढचा बंपर आणि आपण. गोळा जिथल्या तिथे. तो वर न्यायचा तर चाकच मोठे हवे, आणि तेही टायरचा व्यास दोन इंच वाढेल तेव्हा गोळा एक इंच वर जाणार. नाक उचलल्याने नाल्याची चढण चढताना बंपर घासत नाही, मोठ्या टायरला जागा होते, एवढाच त्याचा लाभ. गोट्यावर अडकायची गाडी ती अडकायचीच!

आणि या लाभाची किंमत? ती समजायला सायकल आठवावी. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, किंचित मागे कललेला असतो. पोरे हात सोडून सायकल चालवतात, त्या करामतीत या कलण्याचाही वाटा असतो. जीपच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. कारागीर त्याला केस्टर म्हणतात. जुन्या विलीज जीपला तो अवघा ३ अंश. वळण संपले की स्टेअरिंग आपोआप सरळ होते, ते मुख्यतः या तीन अंशांच्या कृपेने.

भाच्याच्या बेताचा हिशेब आम्ही वहीच्या पाठीवर मांडला. पुढचा पाटा सुमारे ३६ इंच लांब धरा. त्याचे एकच टोक शॅकलीला असते, दुसरे जागच्या जागी. म्हणून शॅकल दोन इंच लांब केली, तर मध्यावरचा आस सांगाड्यापासून एकच इंच दूर जातो. दोन इंच उंची हवी, तर शॅकल चार इंच लांब हवी. आता ३६ इंचांच्या पाट्याचे एक टोक चार इंच खाली गेले, की पाटा सहा अंशांहून अधिक कलतो, आणि त्याला आवळलेला आसही त्याच्याबरोबर फिरतो. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल, तर हे फिरणे नेमके उलट्या दिशेला. गाडीचे नाक वर गेल्यामुळे त्यातला दीड अंश परत मिळतो हे खरे, पण जमा होते तीन आणि खर्च झाले जवळजवळ पाच! कल शून्याच्याही पलीकडे गेला. अशी गाडी हमरस्त्यावर भटकू लागते. वळलेले चाक परतण्याऐवजी आणखी वळू पाहते. हिशेब ढोबळ आहे, पण कल कुठल्या बाजूला जातो हे सांगायला पुरेसा आहे.

वही घेऊन आम्ही धुळ्याला एका जुन्या पाटेवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वहीकडे पाहिलेही नाही. गाडीखाली जाऊन आले, हात पुसले आणि अहिराणीत भाच्याला विचारले,

"नाक वर कयं म्हंजे चाल सुधरस का रे भो?"

मग मला उद्देशून म्हणाले, "सर, ही गाडी ठेंगणी नाही, थकलेली आहे. पाटे बसलेत. आधी तिला तिची स्वतःची उंची तर द्या."

त्यांनी पट्टीने मोजून दाखवले. उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली होती. चालकाच्या बाजूचे पाटे अधिक दबतात, हा त्यांचा अनुभव. जुड्या सोडल्या तेव्हा एक पाटा तडकलेलाही निघाला. त्याला वेल्डिंग करू नका का, असे भाच्याने विचारले, तर मिस्त्री हसले. पाट्याचे पोलाद पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते आणि पाटा जोडाच्या शेजारी पुन्हा मोडतो. मोडतो तोही घाटात, घरी अंगणात नव्हे! त्यांनी तो पाटा बदलला. बाकीचे ठोकून त्यांची कमान परत काढली. पाट्यांमध्ये ग्रीस भरले, बुश आणि मधले बोल्ट नवे घातले. पाट्यांना आसाशी बांधणारे यू बोल्ट आठ दिवसांनी पुन्हा आवळून घ्यायला बजावले. पुढचे नाक सव्वा इंच वर आले. कल मोजला तर जिथे हवा तिथे होता.

याहून अधिक उंची हवीच असेल तर काय काय बदलावे लागते, तेही त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. आस आणि पाटा यांच्यामध्ये पाचर घालून कल परत आणायचा. ब्रेकची रबरी नळी तोकडी पडते, ती लांब घ्यायची, नाहीतर चाक खड्ड्यात लोंबले की नळी ताणून फाटते. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा अधिक तिरका होतो, त्याचे सांधे लवकर झिजतात. स्टेअरिंगचा दांडाही तिरका होतो, म्हणून खड्ड्यात चाक उचलले की स्टेअरिंग हाताला झटका देते. शिवाय ४९ इंच रुंदीची गाडी जेवढी उंच, तेवढी ती उतारावर आडवी व्हायला सोपी.

कायद्याचेही एक कलम इथे ध्यानात ठेवावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीच्या पुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. बसलेले पाटे मूळच्या उंचीवर आणणे ही झाली दुरुस्ती. त्यापलीकडचा बेत करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेतलेले बरे.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी जुनी जीप असेल, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत एवढेच करावे. सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजावी व वहीत लिहून ठेवावी. डावी-उजवी बाजू जुळत नसेल, तर उंचीचा विचार नंतर, आधी पाटेवाल्याचा. भाच्याच्या वहीत आता असे दोन रकाने आहेत. नवरात्रात बहीण आणि नातवंडे त्याच गाडीने मनुदेवीला जाऊन आली. नाल्यात बंपर एकदा घासला म्हणतात. परतीच्या वाटेवर स्टेअरिंग मात्र प्रत्येक वळणानंतर आपले आपण सरळ होत होते.