कॉलेज बदलले, आता साहित्याची पदवी कशी आखाल?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बार्शी, करमाळा, अक्कलकोट अशा गावी एक-दोन वर्षे शिकून अनेक मुले-मुली पुढच्या शिक्षणासाठी सोलापुरात येतात. कुणाच्या वडिलांची बदली झालेली असते, कुणी लग्न होऊन आलेली असते, कुणाला इथे काम मिळालेले असते. काहींनी सायन्स किंवा कॉमर्सला प्रवेश घेतलेला असतो आणि वर्षभराने लक्षात येते, की आपले मन साहित्यात आहे. काही जण मुक्त विद्यापीठातून नियमित कॉलेजात येऊ पाहतात. या सर्वांच्या मनात प्रश्न एकच असतो. झालेले शिक्षण वाया जाणार का?

प्रश्न साधा नाही. ‘साहित्य शिकून पोट भरणार आहे का?’ असे ज्या घरात विचारले जाते, तिथे मुलीचे एक वर्ष फुकट गेले तर पुढचे वर्ष तिला मिळेलच याची खात्री नसते. म्हणून प्रवेशाच्या आधीच कागद-पेन घेऊन हिशेब मांडायला हवा.

पहिली गोष्ट पाहायची ती ही, की आपण फक्त कॉलेज बदलतो आहोत की विद्यापीठही? सोलापूरची कॉलेजे पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. त्यामुळे पंढरपूरहून सोलापूरला आलात तर विद्यापीठ तेच राहते. मात्र स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. धाराशिव, सांगली किंवा विजयपूरहून आलात तर विद्यापीठ बदलते. मग नुसत्या टी.सी.वर भागत नाही. जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाची पात्रता, म्हणजे एलिजिबिलिटी, लागते. गुणपत्रिकांबरोबर जुन्या अभ्यासक्रमाची छापील प्रतही जवळ ठेवा. कोणता पेपर कशाच्या बरोबरीचा धरायचा, हे त्या प्रतीवरूनच ठरते.

दुसरी गोष्ट क्रेडिटची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिटची बँक सुरू केली. बँकेत जसे पैसे जमा होतात, तसे उत्तीर्ण पेपरांचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. ते साधारणपणे ७ वर्षे वापरता येतात. लग्न, बाळंतपण किंवा नोकरी यांमुळे शिक्षण मध्येच थांबलेल्यांना याचा मोठा आधार आहे. आपले खाते उघडले आहे का आणि जुन्या कॉलेजने क्रेडिट त्यात भरले आहेत का, हे आधी तपासा. ते भरले नसतील तर तिथून निघण्यापूर्वीच भरून घ्या. नंतर हेलपाटे पडतात.

महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. म्हणजे एका सेमिस्टरला २० ते २२. बँकेच्या नियमानुसार, जी संस्था पदवी देणार तिथे किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. याचा अर्थ नीट समजून घ्या. दुसऱ्या विद्यापीठात दोन वर्षे काढून ८० क्रेडिट घेऊन आलात आणि इथे फक्त तिसरे वर्ष केलेत, तर इथले ४० च होतात. निम्मे म्हणजे ६० हवेत. म्हणून विद्यापीठ बदलायचेच असेल तर पहिल्या वर्षानंतर बदललेले बरे. दोन वर्षे झालीच असतील, तर पदवी नेमकी कधी मिळेल हे विद्यापीठाच्या पात्रता विभागाला लेखी विचारा.

शाखा बदलणाऱ्यांचा हिशेब थोडा निराळा असतो. सायन्सच्या पहिल्या वर्षातले भाषेचे, पर्यावरणाचे, मूल्यशिक्षणाचे क्रेडिट बहुधा उपयोगी पडतात. रसायनशास्त्राचे क्रेडिट मात्र मराठी साहित्याच्या मुख्य विषयात धरले जात नाहीत. आपल्या पेपरांचे तीन गट करा. जसेच्या तसे चालणारे, खुल्या विषयात बसू शकणारे आणि नव्याने करावे लागणारे. तिसऱ्या गटातले पेपर एकाच सेमिस्टरमध्ये कोंबू नका. नेहमीच्या पेपरांशिवाय एक जादा पेपर झेपतो. दोन घेतले की दोन्ही राहतात.

पेपरांना क्रमही असतो. आधी वाङ्मयप्रकार, मग वाङ्मयाचा इतिहास आणि त्यानंतर साहित्यविचार, भाषाविज्ञान. मधल्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याची पहिली पायरी चुकते आणि समीक्षेचा पेपर त्याला अवघड जातो. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या वर्षाला नेमलेली पुस्तके कोणती, ते विभागात विचारा आणि सुटीत वाचून काढा. परीक्षेसाठी नव्हे, पाया भरण्यासाठी.

दुय्यम विषय निवडताना आपल्या शहराकडे पाहा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा सोलापूरच्या गल्लीबोळांत ऐकू येतात. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. शाहीर राम जोशी इथलेच. संतसाहित्य शिकणाऱ्याला पंढरपूर आणि मंगळवेढा एसटीने एका दिवसात पाहून येता येते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना आपल्या मराठीचा संकोच वाटतो. खरे तर दुसरी भाषा हे त्यांचे भांडवल आहे. ज्याला दोन भाषा मनापासून येतात, तोच पुढे चांगला अनुवादक होतो.

अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, मराठीत एम.ए. आणि पीएच.डी. केली आणि पुढे मुक्त विद्यापीठात अध्यापन केले. ‘सनातन’ या कादंबरीसाठी त्यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. प्रत्येकाला सन्मान मिळेल असे नाही. पण वाट सरळ नसली तरी पुढे जाता येते, एवढे यातून दिसते.

पदवीनंतर काय, हे दुसऱ्या वर्षीच ठरवा. शाळेत शिकवायचे तर बी.एड. हवे. कॉलेजात शिकवायचे तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट हवी. चौथे वर्ष केले तर ऑनर्स पदवी मिळते आणि पुढचे एम.ए. एका वर्षाचे होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. अनुवाद, मुद्रितशोधन, ग्रंथालय, आकाशवाणी अशीही क्षेत्रे आहेत. तिथे पदवीइतकेच शुद्ध आणि नेमके लिहिता येणे मोलाचे ठरते.

तेव्हा, मित्रहो, प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी तीन कागद तयार ठेवा. मिळालेल्या क्रेडिटची यादी, राहिलेल्या पेपरांचे सेमिस्टरवार वेळापत्रक आणि वाचायच्या पुस्तकांची यादी. पहिले दोन कॉलेजच्या कार्यालयातून आणि विभागप्रमुखांकडून तपासून घ्या. तिसरा मात्र आपला आपणच भरायचा आहे.