देवी गेल्या, कांजिण्या राहिल्या

ब्रिटननं जानेवारी २०२६पासून लहान मुलांना कांजिण्यांची लस सरकारी खर्चानं द्यायला सुरुवात केली, ही बातमी वाचून चरफडलोच. तिथं कांजिण्यांचा जोर मार्च ते मे, अंगावर अजून स्वेटर असताना. आपल्याकडं जानेवारी ते एप्रिल. तरी शिमगा जवळ आला की कोल्हापुरात कुणीतरी सांगतंच, "उष्णता अंगावर आलीय." मग तिकडं कुठली उष्णता?

सत्तरच्या दशकातल्या कांजिण्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तेव्हा सगळं लक्ष देवीवर. रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस, त्या आशेनं लोक कांजिण्यावालेही दाखवायचे. मे १९७५मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला, १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. कांजिण्यांकडं मग ढुंकून बघायला कुणी उरलं नाही. तिकडं जपानात मिचिआकी ताकाहाशींनी ओका आडनावाच्या मुलाच्या फोडातला विषाणू दुबळा करून १९७४मध्येच लस बनवली होती!

आमची ऐंशीची वर्षं मंगळवार पेठेतल्या वाड्यात गेली. फोड उठले की दाराला कडुलिंबाचा डहाळा. घरात फोडणी बंद, म्हणजे रविवारचा तांबडा रस्साही बंद. अंगात शिरलेला विषाणू बाहेर दिसायला दोनेक आठवडे घेतो, त्यामुळं थोरल्याच्या खपल्या पडतायत तोवर धाकट्याला ताप, मग शेजारच्या खोलीत. संक्रांतीला शिरलेल्या कांजिण्या पाडव्यापर्यंत वाडा सोडायच्या नाहीत. आजी "बाई आल्यात" म्हणायची, आणि सगळं आटोपलं की टेंबलाईला दहीभाताचा निवद. आजारपणाचे तसले लाड पुन्हा कुणी केले नाहीत.

शाळेतल्या एका गुरुजींनी मात्र वाळक्या खपल्या बघून मला ऐन परीक्षेत वर्गाबाहेर काढलं. खपली धरल्यावर लागण होत नाही, गुरुजी. ती होते फोड उठायच्या दोन दिवस आधीपासून. तेव्हा मी तुमच्यासमोर पहिल्याच बाकावर बसलो होतो.

आता वाडे गेले, कांजिण्या मात्र राहिल्या. थंड देशांत बहुतेकांना दहाच्या आत कांजिण्या होऊन जातात. उष्ण देशांत पुष्कळांना त्या तरुणपणी गाठतात, आणि मोठ्या वयात न्यूमोनियाची भीती जास्त. गल्लीत सुखरूप वाढलेलं पोरगं पुण्यातल्या होस्टेलवर फोडांनी भरतं. आपल्याकडच्या विषाणूचा गट युरोपातल्यापेक्षा बहुधा वेगळा असतो, पण लस सगळ्या गटांना तीच चालते, म्हणजे लस न द्यायला तीही सबब नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस सुचवते, सरकारी यादीत एकही नाही. खासगीत एका डोसाला दोन हजारांच्या आसपास मोजायचे. उपकेंद्रात विचारलं तर म्हणतात, "गोवराची आहे की, ती न्या."