ठोका कुठे संपतो आणि स्वर कुठे सुरू होतो?

विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू करताना तुम्ही पाहिलं असेल. हँडल मारलं की आधी एकेक भक्क... भक्क... असा आवाज येतो, मग भकभक, आणि वेग वाढला की सलग ठकठकाट. एका सिलिंडरच्या चार-धावी इंजिनात चाकाच्या दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मिनिटाला १५०० फेऱ्या असतील तर सेकंदाला साडेबारा स्फोट. हे ठोके आपल्याला अजून वेगळे ओळखू येतात. त्याच वेगाने फिरणाऱ्या सहा सिलिंडरच्या ट्रकच्या इंजिनात मात्र सेकंदाला ७५ स्फोट होतात. तिथे ठोके हरवतात, उरते ती घरघर. तिची पट्टी गळ्याने धरता येते. म्हणजे ट्रक एक स्वर लावतो!

ठोक्यांचा स्वर नेमका कधी झाला? सेकंदाला साधारण १६ ते २० ठोक्यांच्या आसपास हा बदल होतो. पाठ्यपुस्तकात याच आकड्यापाशी दुसरं वाक्य असतं: '२० हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेचा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही.' एखादा चौकस विद्यार्थी इथे हमखास विचारतो की मग सेकंदाला दोन टाळ्या वाजवल्या तर त्या कशा ऐकू येतात? प्रश्न रास्त आहे. पुस्तकातलं वाक्य शुद्ध, एकाच वारंवारतेच्या कंपनाबद्दल आहे. टाळी हा अगदी अल्पकाळ टिकणारा स्पंद असतो आणि अशा स्पंदात शेकडो-हजारो हर्ट्झची कंपनं मिसळलेली असतात. आपण ऐकतो ती ही कंपनं. दोन हर्ट्झ ही फक्त ती पुन्हा येण्याची गती.

या सीमारेषेवर जाणूनबुजून संगीत उभं केलं ते जर्मनीत. पश्चिम जर्मनीतल्या कोलोन शहरात तिथल्या नभोवाणी केंद्राने इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी स्वतंत्र स्टुडिओ काढायचं १९५१ मध्ये ठरवलं. हर्बर्ट आयमर्ट त्याचे प्रमुख होते आणि ध्वनिशास्त्रज्ञ वेर्नर मायर-एप्लर यांचा त्यामागे मोठा वाटा होता. १९५३ मध्ये कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन हा पंचविशीच्या आतला संगीतकार तिथे आला. स्टुडिओत वाद्यं जवळजवळ नव्हतीच. होते आंदोलक, स्पंदजनक, गाळण्या, ध्वनिमुद्रणाची यंत्रं, कात्री आणि चिकटपट्टी.

या कात्रीचं महत्त्व कमी लेखू नये. १९५४ च्या 'स्टुडी २' या रचनेसाठी फीत सेकंदाला ७६.२ सेंटिमीटर वेगाने फिरवली जाई. अर्धा सेकंद टिकणारा आवाज हवा असेल तर ३८.१ सेंटिमीटर फीत मोजायची, कापायची, जोडायची. एक मिलिमीटर म्हणजे सुमारे सव्वा सहस्रांश सेकंद, इतक्या बारकाईने कुठलाही वादक काळ मोजू शकत नाही. या रचनेच्या स्वरलिपीत आवाजांची लांबी चक्क सेंटिमीटरमध्ये दिलेली आहे. काळ पट्टीने मोजता येतो हे आपण वर्गात आलेख काढताना शिकवतोच. इथे लयच पट्टीने मोजलेली होती.

पुढची पायरी अशी. फितीवर ठोक्यांची एक आकृती मुद्रित करायची, तुकड्याची टोकं जोडून कडं करायचं, आणि ते दुप्पट वेगाने वाजवून पुन्हा मुद्रित करायचं. पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट. असं दहा वेळा केलं की वेग १०२४ पट होतो आणि सेकंदभराची लय सहस्रांश सेकंदात मावते. आता लय ऐकू येत नाही, एक स्वर ऐकू येतो. ठोक्यांची मूळ मांडणी वेगळी असेल तर त्या स्वराचा पोत, म्हणजे बासरी आणि सनई यांत जो फरक असतो तो, वेगळा येतो. १९५८ ते १९६० या काळात तयार झालेल्या 'कोंटाक्टे' या रचनेत हीच वाट उलटी चाललेली आहे. सुमारे सतराव्या मिनिटाला एक करकरीत स्वर वळणं घेत खाली येतो, खर्जात जातो, फाटतो, आणि टप् टप् असे सुटे ठोके पडू लागतात. प्रत्येक ठोका मग लांबत जाऊन पुन्हा स्वर होतो. मी ही जागा पहिल्यांदा ऐकली तेव्हा संगीत म्हणून आवडली असं म्हणणार नाही, पण प्रयोग म्हणून तिच्याइतका नेटका प्रयोग क्वचित पाहिला आहे.

वर्गात यासाठी स्टुडिओ लागत नाही. सायकल उलटी ठेवा आणि जुन्या पोस्टकार्डाची कड मागच्या चाकाच्या आऱ्यांना लागेल अशी धरा. साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला बहुधा ४० आरे असतात. चार सेकंदांत एक फेरी झाली तर सेकंदाला दहा ठोके, सेकंदाला एक फेरी झाली तर चाळीस, तीन फेऱ्या झाल्या तर १२०. स्वर कधी सुरू झाला ते मुलांना हात वर करून सांगायला लावा. सगळे हात एकदम वर जात नाहीत. हाच निष्कर्ष! सीमा रेघेसारखी नाही, पट्ट्यासारखी आहे. (बोटं आऱ्यांपासून लांब ठेवा, आणि चेनपासून तर नक्कीच.)

श्टॉकहाउझनने यावरून मोठा सिद्धान्त मांडला: लय आणि स्वर या दोन गोष्टी नाहीतच, एकाच कालरेषेचे ते दोन भाग आहेत. आठ सेकंदांपासून सेकंदाच्या सोळाव्या भागापर्यंत सात वेळा निम्मं करत आलं की लयीचं क्षेत्र संपतं, आणि तिथून पुढची साधारण सात सप्तकं स्वरांची. सोपं उदाहरण घ्या. एका हाताने सेकंदाला दोन आणि दुसऱ्याने तीन ठोके वाजवा. तबलजी ज्याला दीडपट म्हणतात ते हे नातं. दोन्ही सात वेळा दुप्पट केले, म्हणजे १२८ पट, की २५६ आणि ३८४ हर्ट्झ मिळतात. प्रयोगशाळेतले हे दोन नादकाटे शेजारी धरा: षड्ज आणि पंचम.

भौतिकशास्त्र इथे श्टॉकहाउझनच्या बाजूने आहे. मला मात्र वाटतं की कान त्याच्या बाजूने नाही. मधल्या पट्टीतल्या स्वरांत हजारात तीनइतका फरकही आपल्याला कळतो. लयीत मात्र शंभरात दोनपेक्षा लहान फरक कळणं फार अवघड. रेषा सलग आहे, पण तिच्या दोन टोकांना आपण वेगवेगळ्या मोजपट्ट्या लावतो. सिद्धान्ताचं सौंदर्य मान्य करूनही हे नोंदवायलाच हवं, कारण मोजपट्टीचा हा फरक पुढच्या पिढीच्या संगीतात फार उपयोगी पडला.

ती पिढी १९७० च्या आसपासची. कोलोनमध्ये १९६८ मध्ये सुरू झालेल्या 'कान' या समूहातले होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट हे श्टॉकहाउझनचेच विद्यार्थी. ड्युसेलडॉर्फमध्ये क्राफ्टवेर्क आणि नॉय, बर्लिनमध्ये टँजरीन ड्रीम. या मंडळींनी ठोका सीमेच्या अलीकडेच ठेवला, पण तो कमालीचा समान केला.

टँजरीन ड्रीमचं 'फेड्रा' (१९७४) घ्या. त्यातली चालती लय ढोलावर नाही, सीक्वेन्सर नावाच्या साधनावर आहे. मोग कंपनीच्या अशा एका साधनात आठ स्तंभ आणि तीन ओळींत मिळून २४ बटणं असतात. घड्याळासारखा एक आंदोलक स्पंद देतो आणि प्रत्येक स्पंदाला साधन पुढच्या स्तंभावर सरकतं. बटण जितक्या व्होल्टवर फिरवून ठेवलं असेल तितका दाब स्वर निर्माण करणाऱ्या आंदोलकाकडे जातो. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. म्हणजे एका अर्धस्वराला ८३ मिलिव्होल्ट. आठ झाले की पुन्हा पहिला. एक आवर्तन आठ पायऱ्यांचं आणि दुसरं पाचाचं ठेवलं तर दोघांची सम पुन्हा एकत्र कधी येईल? चाळीस पायऱ्यांनी. लसावि शिकवताना हे उदाहरण पाणी भरणाऱ्या नळांपेक्षा नक्कीच बरं.

या साधनात जोरकस ठोका नाही, खाली नाही, सगळ्या पायऱ्या सारख्या. तरी ऐकणाऱ्याला गट ऐकू येतात. भिंतीवरचं घड्याळ खरं तर 'टिक, टिक' करतं, आपण ऐकतो 'टिक-टॉक'. अगदी एकसारखे ठोके माणूस आपोआप दोन-दोन, चार-चार असे बांधतो हे थॅडियस बोल्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच दाखवलं होतं. सीक्वेन्सरच्या संगीतात ताल बराचसा श्रोत्याच्या डोक्यात वाजतो. त्यात प्रतिध्वनी मिसळला की आणखी गंमत: पायरी १६० सहस्रांश सेकंदांची आणि प्रतिध्वनी २४० ने उशिरा येणारा असेल तर तो बरोबर दोन पायऱ्यांच्या मध्यावर पडतो. वाजवले तितक्याच ठोक्यांत दुगुन!

'फेड्रा'त एक दोषही ऐकू येतो. यंत्र तापत गेलं तसे स्वर सरकले. व्होल्टचं सप्तकात रूपांतर करणाऱ्या ट्रान्झिस्टरचं वागणं निरपेक्ष तापमानावर अवलंबून असतं. खोलीच्या तापमानाला ते सुमारे ३०० केल्व्हिन असतं, म्हणून एका अंशाला तीनशेत एक इतका फरक पडतो. लयीत एवढा फरक कुणाच्या लक्षात आला नसता. स्वरात तो लगेच टोचतो. कलावंतांनी तो तसाच ठेवला.

नॉय समूहाच्या क्लाउस डिंगरने १९७२ च्या 'हालोगालो'त सुमारे दहा मिनिटं एकच सरळ ठोका हाताने वाजवला. समीक्षकांनी त्याला 'मोटोरिक' म्हटलं. त्याला स्वतःला हे नाव आवडलं नाही. पुढच्या वर्षीच्या तबकडीच्या वेळी पैसे संपले, तेव्हा या जोडीने आधीचीच गाणी ७८ आणि १६ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून दुसरी बाजू भरली. लोकांनी नावं ठेवली. पण हिशेब करून पाहा: ४५ फेऱ्यांची तबकडी ७८ वर लावली की लय १.७३ पट होते आणि षड्ज शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन पडतो. लय आणि स्वर एकाच दोरीला बांधलेले आहेत, हे कोलोनचंच तत्त्व पैशांच्या तंगीत पुन्हा सापडलं.

क्राफ्टवेर्कने १९७० च्या दशकात धातूच्या काडीने धातूच्या पट्टीला स्पर्श केला की परिपथ पूर्ण होईल असे ढोल वापरले. काडी हळू लावा की जोरात, आवाज तोच. जोर यंत्राचा, वेळ मात्र हाताची. हा हात किती चुकतो? गटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं. माणसाचे ठोके साधारण १० ते २० सहस्रांश सेकंदांनी पुढेमागे पडतात, पण स्वैर पडत नाहीत. आताच्या चुकीचा खूप आधीच्या चुकांशी संबंध असतो. संगणकाने तितक्याच आकाराच्या, पण परस्परसंबंध नसलेल्या चुका मिसळल्या तर श्रोत्यांना ते कमी आवडलं.

मी लहानपणी काही वर्षं तबला शिकलो. ठेका जरा सरकला की गुरुजी मांडीवर चापट मारत. त्या सरकण्यालाही स्वतःचा आलेख असतो हे तेव्हा माझ्याजवळ असतं, तर निदान एक चापट तरी वाचली असती.