कार्बोरेटरची सफाई म्हणजे नेमके काय?

जुनी आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले इंजिन) पावसाळाभर पडून राहिली आणि मग नीट चालेना, की पहिला हात कार्बोरेटरवरच्या हवेच्या स्क्रूकडे जातो. पण उभ्या मोटरीतला स्क्रू आपोआप फिरत नाही. बदललेले असते ते पेट्रोल.

कार्बोरेटर हवेत पेट्रोल ठराविक प्रमाणात मिसळतो. जुन्या फ्लिटच्या (कीटकनाशक फवारण्याच्या) पंपात नळीच्या तोंडावरून हवा जोरात गेली, की डब्यातले औषध वर ओढले जाऊन फवारले जाते. इथेही तेच घडते. मात्र पेट्रोल किती यावे, हे जेट (बारीक छिद्राचा पितळी स्क्रू) ठरवतो. साठलेले पेट्रोल उडून गेल्यावर उरणारा चिकट थर नेमका या छिद्रात बसतो.

चोक (हवा रोखणारी झडप) ओढल्यावर इंजिन चालते आणि चोक काढताच बंद पडते, तेव्हा पेट्रोल कमी पोचत असते. इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहिल्यावर इंजिन सुरळीत चालले, तर आधी इंधनपंप तपासावा; नाहीतर कार्बोरेटर साफ करावा.

बाहेरून स्प्रे मारणे ही सफाई नव्हे. कार्बोरेटर उतरवून जेट काढावेत, क्लीनरमध्ये भिजवावेत आणि प्रत्येक वाटेतून दाबाची हवा सोडावी. तारेने छिद्र कोरू नये. पितळ मऊ असते, छिद्र किंचित वाढले तरी प्रमाण बिघडते. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्बोरेटर असेल, तर सगळेच साफ करावेत. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरीत तुंबलेल्या जेटमुळे ऑइलही कमी पोचते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.