जिल्हा बदलला, घरणी नदी तिथेच आहे!

विद्यार्थी मित्रांनो, सांगा बरं, गाव जागेवरून हललं नाही तरी त्याचा जिल्हा बदलू शकतो का? हो, बदलू शकतो. आपल्या शिरूर अनंतपाळचंच उदाहरण घेऊ.

आपल्या भागातली घरणी नदी पुढे मांजरा नदीला मिळते. मांजरेचा उगम बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. लातूर जिल्ह्यातून ती कर्नाटकात बीदरकडे जाते, मग तेलंगणात शिरते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. लांबी सुमारे 724 किलोमीटर. आज तिच्या वाटेवर तीन राज्यं लागतात. पूर्वी मात्र हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेप्रमाणे राज्यांची रचना झाली. बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि हे तीन मराठी तालुके मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याला जोडले गेले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं. ऑगस्ट 1982 मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि 1999 मध्ये शिरूर अनंतपाळ हा स्वतंत्र तालुका झाला.

आता 1950 साली इथे जन्मलेली एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. घर तेच, नदी तीच. पण तिचं राज्य हैदराबाद, मुंबई, महाराष्ट्र असं बदललं आणि जिल्हा बीदर, उस्मानाबाद, लातूर असा!

हे कळून काय उपयोग? खूप उपयोग आहे. घरात पणजोबांच्या नावाचा एखादा कागद निघाला आणि त्यावर ‘जिल्हा बीदर’ असेल, तर तो परक्या गावचा समजून टाकून देऊ नका. निजामाच्या काळात कारभाराची भाषा उर्दू होती, म्हणून जुने महसुली कागद उर्दूत सापडतात. ते वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत गेले, तर जमिनीचा आणि घराण्याचा पुरावाच जातो.

उपक्रम : आजी-आजोबांना विचारा, “तुमच्या लहानपणी आपला जिल्हा कोणता होता? कचेरीच्या कामाला कुठं जायचे?” उत्तरं तारखेसह वहीत लिहा. ते सांगणारे आहेत, तोवरच विचारून घ्या.