बुडणं हा कुणाचा गुण? जाळं, शिसं आणि बोया

तत्त्वज्ञानाच्या माणसाने मासेमारीच्या जाळ्यावर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण होडीतून पाण्यात पडलेलं सामान बुडू नये म्हणून काय करावं, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मच्छीमाराच्या घरात तर तो हंगामाच्या कमाईचा प्रश्न असतो.

लहानपणी आम्ही तरीने खाडी ओलांडून शाळेत जायचो. एकदा आमचा पितळेचा डबा पाण्यात पडला. झाकण घट्ट होतं, म्हणून तो मजेत तरंगत राहिला. तरीवाल्या काकांनी वल्ह्याने जवळ ओढायला घेतला, झाकण निघालं, आणि बघता बघता डबा तळाला. पितळ तेच, डबाही तोच. मग बदललं काय?

ॲरिस्टॉटलच्या मते जडपणा हा मातीचा स्वभाव आणि हलकेपणा हा अग्नीचा. आर्किमिडीजने हा विचारच फिरवला. वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला वर ढकलतो. शाळेत आपण यालाच प्लावक बल म्हणून शिकलो. म्हणजे बुडणं हा एकट्या वस्तूचा गुण नाही, ते वस्तू आणि पाणी यांच्यातलं नातं आहे. झाकण लावलेला डबा आतल्या हवेसकट पाणी सारत होता. झाकण गेलं, हवा गेली, नातं बदललं.

आता हे जाळ्याला लावून पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन साधारण 1.025 किलो. तेवढ्याच आकारमानाचं नायलॉन 1.14 किलो भरतं, शिसं 11.3 किलो, आणि पॉलिप्रॉपिलीनचा दोर फक्त 0.91 किलो. म्हणून नायलॉन हळूहळू बुडतं, शिसं झपकन बुडतं आणि तो दोर तरंगतो. 10 किलो नायलॉनचं पाण्यातलं वजन जेमतेम एक किलो उरतं. पण 2 किलो शिशाचं पाण्यातलं वजन 1.8 किलो राहतं. म्हणजे गठ्ठ्याला खाली नेण्यात दोन किलो शिशाचा वाटा दहा किलो जाळ्यापेक्षा मोठा.

असा गठ्ठा तरंगवायला किती जोर लागेल? एक अधिक 1.8, म्हणजे 2.8 किलो. घट्ट बुचाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिक कॅन स्वतःचं वजन वजा जाता जवळजवळ पावणेपाच किलो उचलतो. म्हणजे एवढ्या गठ्ठ्याला तो पुरून उरतो. होडीतून नेता-आणताना गठ्ठा असा बांधून ठेवला, तर पडला तरी हाती लागेल.

पण इथे एक मेख आहे. कॅनमधली हवा दाबली जाते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि मऊ कॅनमधली हवा निम्म्या जागेत मावते. म्हणजे उचलायची ताकदही निम्म्यावर येते. जड ओझ्याने असा कॅन एकदा पुरेसा खाली ओढला, की तो आपणहून वर येत नाही. म्हणून खोल पाण्यासाठी दाब सोसणारे कडक बोये वापरतात.

आता कुणी म्हणेल, मग जाळ्यालाच भरपूर बोये लावा, प्रश्न मिटला! तसं नाही. तळाचं जाळं तळालाच बसायला हवं. वरच्या दोरीला बोये आणि खालच्या दोरीला शिसं, या ओढाताणीतच ते पाण्यात उभं राहतं. त्याला तरंगवलं तर ते जाळं म्हणून निकामी. म्हणून तरंगवायचं ते जाळं नव्हे, त्याचा पत्ता. जाळ्याच्या टोकाला लांब दोर आणि दोराला खुणेचा बोया. पाणी वीस मीटर असेल तर दोर तीसेक मीटर हवा, नाहीतर भरतीला आणि ओढीला बोयाच पाण्याखाली जातो. शिवाय वरचा ढिला दोर तरंगता राहिला तर दुसऱ्या होडीच्या पंख्यात अडकतो. त्याला थोडं वजन लावून तो खाली ठेवावा.

सुरी, कोयता, किल्ल्या यांसारख्या लहान सामानाला दोरी हवीच, पण ती होडीला बांधावी. जाळं सुटत असताना अंगाला दोरी बांधू नये. जाळ्याबरोबर माणूसही ओढला जाईल.

हे सगळं कशासाठी, ते शेवटी सांगतो. पूर्वीची सुती जाळी हरवली तर कुजून जायची. नायलॉन तसं कुजत नाही. हरवलेल्या जाळ्याचे बोये त्याला उभं धरतात, शिसं तळाशी धरून ठेवतं, आणि मालक घरी असताना ते जाळं मासे मारत राहतं. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं अशाच जाळ्यांत गुरफटतात. मासेमारीचं सामान ओळखता यावं म्हणून त्यावर खूण असावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्य समितीने 2018 साली मान्य केली, त्यामागे ही काळजी आहे.

बघा, ज्या बोयाने जाळं उपयोगी होतं, त्याच बोयाने हरवलेलं जाळं घातक होतं. म्हणून आपला प्रश्नच थोडा बदलायला हवा. 'सामान बुडू नये' एवढ्यावर थांबू नये, 'सामान परत मिळावं' असं म्हणावं. कधी त्याला तरंगवावं लागतं, कधी बांधावं लागतं, आणि कधी नुसती खूण ठेवावी लागते.

आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. जाळी तेव्हा अंगणात दुरुस्तीला येतात. त्या दिवसांत गठ्ठा बोयासकट धक्क्याजवळच्या पाण्यात सोडून पाहावा. मात्र कोरड्या जाळ्यात हवा अडकलेली असते, ते पहिली काही मिनिटं फसवं तरंगतं. म्हणून नीट भिजू द्यावं आणि मगच निकाल मानावा. सिद्धांताची परीक्षा भर समुद्रात घेण्यापेक्षा धक्क्यावर घेतलेली स्वस्त पडते.

आज इथेच थांबू.