अकराव्या वर्षी नापास ठरलेला केंद्रप्रमुख

तालुक्याच्या गावातही आता एमआरआयची पाटी दिसते. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, घरातली माणसे पैशांची जुळवाजुळव करतात आणि रुग्ण त्या बोगद्यासारख्या यंत्रात निपचित पडून राहतो. आतला खडखडाट संपला की फिल्म हातात मिळते. हे यंत्र कुठून आले, ते ज्या विद्यापीठात घडले तिथे नेतृत्व कोणाच्या हातात होते, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. करायला हवी. कारण विद्यापीठातील संशोधन केंद्राच्या खुर्चीवर कोण बसणार, हा प्रश्न निघाला की ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून गळा काढणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. त्या मंडळींनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या मॅग्नेटिक रेझोनन्स केंद्राचा इतिहास एकदा वाचावा.

या केंद्राची स्वतंत्र इमारत १९९१ साली उभी राहिली. ज्यांच्या कामावर ती उभी राहिली आणि पुढे ज्यांचे नाव केंद्राला दिले गेले, ते सर पीटर मॅन्सफील्ड. जन्म ९ ऑक्टोबर १९३३, लंडनचा लॅम्बेथ भाग. वडील गॅसची जोडणी करणारे कामगार. बालपण दुसऱ्या महायुद्धात गेले. बॉम्बच्या भीतीने लंडनची मुले खेड्यापाड्यांत हलवली गेली, त्यांत हेही होते. परत आल्यावर अकराव्या वर्षीची ती सुप्रसिद्ध निवड परीक्षा काहीही तयारी नसताना द्यावी लागली. निकाल व्हायचा तोच झाला.

ही परीक्षा म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये सर्वांना माध्यमिक शिक्षण मोफत दिले, हे त्या कायद्याचे श्रेय. परंतु त्याच्या अंमलबजावणीत मुलांची विभागणी झाली. अकराव्या वर्षी पास झालेले ग्रामर शाळेत, म्हणजे पुढे विद्यापीठाच्या वाटेवर. बाकीचे बहुतेक दुसऱ्या प्रतीच्या शाळेत आणि तिथून कारखान्यात. कायद्याच्या भाषेत संधी समान होती. घरात पुस्तके, निवांत खोली आणि शिकवणी असलेला मुलगा आणि युद्धात घर सोडून परगावी राहिलेला कामगाराचा मुलगा एकाच बाकावर बसवले की समानता झाली, असे मानणारा कायदा किती आंधळा असतो, हे वकिली करणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

पंधराव्या वर्षी मॅन्सफील्ड शाळेतून बाहेर पडले. मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे, असे त्यांनी व्यवसाय मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्याला सांगितले. तुझ्याकडे तशी पात्रता नाही, जरा आवाक्यातले काही बघ, असे उत्तर मिळाले. मुलगा पुस्तकबांधणीच्या कामाला लागला. पुढे अठराच्या सुमारास सरकारी रॉकेट संशोधन विभागात साधी नोकरी, मग दोन वर्षे सक्तीची लष्करी सेवा, राहिलेल्या परीक्षा नोकरी सांभाळून आणि त्यानंतर लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात प्रवेश. पदवी १९५९ साली, डॉक्टरेट १९६२ साली. दोन वर्षे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काढून १९६४ मध्ये ते नॉटिंगहॅमला अधिव्याख्याता झाले. प्राध्यापकपद मिळाले १९७९ साली. ज्या व्यवस्थेने अकराव्या वर्षी चाळणी लावली, तिच्या चाळणीतून हा माणूस खाली पडला होता. अंगभूत जिद्द आणि संध्याकाळचे वर्ग नसते तर हे डोके छापखान्यातच विरून गेले असते. अशी किती विरून गेली, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता नेतृत्वाचे बघू. आपल्या शरीरात पाणी भरपूर आहे आणि पाण्यात हायड्रोजन. शक्तिशाली चुंबकात या हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. चुंबकाची ताकद जागेनुसार थोडी थोडी बदलत नेली की कोणता प्रतिसाद कुठून आला ते कळते आणि त्यातून चित्र उभे राहते. सत्तरच्या दशकात नॉटिंगहॅमच्या पदार्थविज्ञान विभागात या एकाच विषयावर तीन गट काम करत होते, विभागप्रमुख रेमंड अँड्र्यू यांचा, बिल मूर यांचा आणि मॅन्सफील्ड यांचा. तिघांत चुरस होती, फारसे सख्य नव्हते. तिघे एकत्र आले असते तर अधिक झाले असते, असे म्हणता येईल. पण माझ्या मते मोठी गोष्ट ही की विभागप्रमुख स्वतः स्पर्धेत असूनही आपण नेमलेल्या कनिष्ठाचे काम त्यांच्या विभागात चालू राहिले. आपल्याकडच्या विभागप्रमुखांची चालरीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मोल कळेल.

१९७७ साली मॅन्सफील्ड आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू मॉड्सली यांनी जिवंत माणसाच्या बोटाच्या छेदाचे चित्र प्रसिद्ध केले. ते बोट मॉड्सलींचे. दुसऱ्याच वर्षी संपूर्ण माणूस मावेल असे यंत्र तयार झाले. झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने हृदयाला धोका पोहोचू शकतो, असा इशारा बाहेरून आलेला होता. आत पहिले कोण जाणार? विद्यार्थी नाही, प्रयोगशाळेतला शिपाई नाही. मॅन्सफील्ड स्वतः गेले. उभ्याने, काळोखात, सुमारे ५० मिनिटे, घामाने भिजत. बाहेर आले ते पोटाच्या छेदाचे चित्र घेऊनच. हाताखालच्या माणसाला आधी खड्ड्यात उतरवण्याची रीत आपल्या ओळखीची आहे, म्हणून हा प्रसंग मुद्दाम सांगितला.

१९७७ सालीच त्यांनी एका क्षणार्धात संपूर्ण छेदाचे चित्र घेण्याची पद्धत मांडली. काम करणाऱ्या मेंदूची जी चित्रे आज घेतली जातात, ती मुख्यतः याच पद्धतीवर. २००३ चे नोबेल त्यांना अमेरिकेच्या पॉल लॉटरबर यांच्याबरोबर विभागून मिळाले. रेमंड डॅमेडियन यांनी आपल्याला डावलल्याच्या पानभर जाहिराती वर्तमानपत्रांत दिल्या. त्यांच्या कंपनीने पेटंटच्या दाव्यात जनरल इलेक्ट्रिककडून १२ कोटी ८७ लाख डॉलर मिळवले होते, १९९७ साली. मॅन्सफील्ड यांच्या पेटंटचे व्यवहार मात्र एका सरकारी महामंडळाकडे होते. तेच पुढे ब्रिटिश टेक्नॉलॉजी ग्रुप झाले आणि एमआरआयच्या पेटंटवर या संस्थेने मोठी कमाई केली. १९९२ साली सरकारने ही संस्था खासगी हातांत दिली. जनतेच्या पैशाने चालणाऱ्या विद्यापीठात जन्मलेले ज्ञान, सार्वजनिक संस्थेने जपलेले हक्क आणि पीक कापणीला आले तेव्हा शेताची विक्री. ही चाल आपण अन्यत्रही पाहिली आहे.

१९९४ साली मॅन्सफील्ड निवृत्त झाले. केंद्राची धुरा पीटर मॉरिस यांच्याकडे गेली. १९८२ मध्ये या विषयावरचा ग्रंथ दोघांनी मिळून लिहिलेला होता. पुढे केंद्रप्रमुख झालेले रिचर्ड बोटेल हेही मॅन्सफील्डांचेच विद्यार्थी. खुर्ची सोडताना ती सांभाळणारी माणसे तयार होती, म्हणून केंद्र विझले नाही. २००५ साली तिथे ७ टेस्ला क्षमतेचे यंत्र आले, ब्रिटनमधले पहिले. २०१८ साली तिथल्या गटाने लंडनच्या सहकाऱ्यांसह डोक्यावर घालता येईल असे मेंदू-मापन यंत्र जगापुढे आणले. ११.७ टेस्लाच्या यंत्रासाठी सुमारे २ कोटी ९० लाख पौंडांची घोषणा २०२२ साली झाली.

मॅन्सफील्ड ८ फेब्रुवारी २०१७ रोजी वारले. निवृत्तीनंतरही ते काम करतच होते. वेगवान चित्रणाच्या त्यांच्याच पद्धतीमुळे यंत्रात कानठळ्या बसवणारा आवाज होतो आणि आत पडलेला माणूस घाबरतो. तो आवाज कमी कसा करता येईल, यावर त्यांचे प्रयोग चालले होते.